ठोके मास्तरांचं घोषवाक्य

एका जंगलात एक वाट होती. आणि मुलांनो, आधी ती चांगली वाकडी होती.

कुरणातून निघायची, करवंदीच्या जाळीला वळसा घालायची, मग वारुळाला, मग एका मोठ्या खडकाला, आणि अशी रमतगमत डोंगरापर्यंत जायची. त्या वाटेवर कोणाला धावता यायचं नाही. रानडुकरंसुद्धा चालत जायची आणि समोर येईल त्याची विचारपूस करायची.

मग महाराजांनी वाट सरळ करायचा हुकूम काढला. महाराज म्हणजे सिंह. ते स्वतः त्या वाटेने कधी जात नसत. पण झोपेतून उठलं की त्यांना काहीतरी सरळ करावंसं वाटायचं. हत्तींनी जाळी उपटली. गव्यांनी खडक ढकलला. वाट रुंद झाली, सपाट झाली, आणि धावणाऱ्यांना पहिल्यांदाच कळलं की आपण किती जोरात धावू शकतो.

आता अडचण एवढीच होती की वाटेच्या एका बाजूला चालणाऱ्यांची घरं होती आणि दुसऱ्या बाजूला नदीचं पाणी. चालणारे म्हणजे कासव, घोरपड, साळिंदर, खवल्या मांजर अशी मंडळी. रोज एकदा तरी त्यांना वाट ओलांडावी लागायची. त्या उन्हाळ्यात घोरपडीची शेपटी चिरडली. साळिंदराचा पाय मोडला. खवल्या मांजराला तर भीती वाटली की अंगाची गुंडाळी करून बसायची सवय. ते वाटेच्या मधोमध गुंडाळी करून बसलं आणि पुन्हा उलगडलं नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी सुतारपक्षी. आडनाव ठोके. सगळे मला ठोके मास्तर म्हणतात, कारण जंगलातल्या झाडांवर अक्षरं कोरायचं काम माझ्याकडे आहे. सूचना, अभिनंदनं, श्रद्धांजल्या, सगळं मीच कोरतो. यमक जुळवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं तेव्हा माझं मत होतं. आताही मत तेच आहे, फक्त मी ते कमी वेळा बोलून दाखवतो.

या गोष्टीत सगळ्यात जास्त मूर्खपणा मी केला आहे. तेव्हा ती मी सांगितलेलीच बरी.

तर झालं असं. वाटेच्या कडेला खडीत एका टिटवीने अंडी घातली होती. तिचं नाव सगुणाबाई. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, आणि कोणी जवळ आलं की आकाशपाताळ एक करते. सगुणाबाईंचा आवाज म्हणजे काय सांगू. दगडावर दगड घासावा तसा. लांबून खुरांचा आवाज आला की त्या ओरडायला लागायच्या, आणि धावणारे पार निघून जाईपर्यंत थांबायच्या नाहीत.

ही गोष्ट पहिल्यांदा धोंडोपंतांच्या लक्षात आली. धोंडोपंत म्हणजे कासव. वयाने फार मोठे. उन्हाळ्यात त्यांना रोज पाण्यात जाऊन बसावं लागायचं, नाहीतर पाठ कोरडी पडून भेगाळायची. त्यांनी चार दिवस बघितलं आणि हिशेब बसवला. बाई ओरडतात तेव्हा कोणीतरी येतंय. बाई गप्प असतात तेव्हा वाट मोकळी आहे. पाचव्या दिवसापासून ते त्या गप्प असताना निघू लागले. मग घोरपड तसंच करू लागली. मग सगळेच.

पिल्लं मोठी झाली. सगुणाबाईंनी जायची तयारी केली. धोंडोपंत हळूहळू त्यांच्यापाशी गेले.

"बाई, निघालात?"

"हो. आता इथे काही काम नाही."

"पाऊस लागेपर्यंत थांबता का? आमचं जाणं-येणं तुमच्यावर असतं."

सगुणाबाईंना हे माहीतच नव्हतं. त्या जरा वेळ एका पायावर उभ्या राहिल्या.

"मी तर पिल्लांसाठी ओरडत होते," त्या म्हणाल्या.

"आम्ही ऐकत होतो," धोंडोपंत म्हणाले.

सगुणाबाई थांबल्या. त्यानंतर दोन महिने त्या वाटेवर कोणालाही काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणून कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

याच सुमारास महाराजांकडून हुकूम आला की जंगलात पादचारी सुरक्षा पंधरवडा साजरा करावा, आणि तो लोकसहभागातून करावा. लगेच समिती झाली. अध्यक्ष घारेसाहेब, म्हणजे घार. ते इतक्या उंचावरून बघायचे की त्यांना कुठलीच अडचण मोठी दिसायची नाही. सचिव शेंडे, म्हणजे वानर. गाण्यासाठी एक बुलबुल. आणि शब्दांसाठी मी.

तुम्ही म्हणाल, यात पायी चालणारं कोण होतं? कोणी नव्हतं. त्याचंही कारण होतं. बैठक वडाच्या झाडावर असायची, आणि वड वाटेच्या पलीकडे होता. चालणाऱ्यांना बैठकीला यायचं तर वाट ओलांडावी लागली असती. ते धोक्याचं होतं.

घोषवाक्यासाठी मी तीन दिवस घेतले. खाणं कमी केलं. शेवटी ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा माझं मलाच भरून आलं. मी समितीपुढे ते वाचून दाखवलं.

वाट ओलांडा बेताने, जीव सांभाळा हाताने.

"हाताने का?" घारेसाहेबांनी विचारलं.

"यमकासाठी," मी म्हणालो.

"पण हात कोणाला आहेत?"

"मला आहेत," शेंडे म्हणाले. "मला आवडलं."

ठराव पास झाला.

मग मी कोरायला बसलो. वाटेच्या कडेने सालईची झाडं होती. बुंध्याशी साल खरबरीत, वर गुळगुळीत. चांगलं अक्षर वरच येतं. म्हणून मी जमिनीपासून चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर कोरलं. अक्षरं मोठी काढली, वेलांट्या झोकदार काढल्या. घारेसाहेब वरून बघून गेले आणि म्हणाले, "स्पष्ट वाचता येतं." शेंडे फांदीवरून बघून म्हणाले, "अगदी नजरेसमोर येतं." मी खूश झालो. खालून ते कसं दिसतं हे बघायला मी खाली उतरलो नाही. माझं खाली काही काम नसायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समितीपुढे एकच विषय होता, सगुणाबाई.

"बुलबुलाचं गाणं चाललेलं असताना ती बाई ओरडली तर कसं व्हायचं?" शेंडे म्हणाले.

"तिचा आवाज मोहिमेशी जुळत नाही," घारेसाहेब म्हणाले. "पंधरा दिवस तिने दुसरीकडे राहावं. मास्तर, तुम्ही तिला नीट शब्दांत सांगा. शब्द तुमच्या हातातले आहेत."

मी गेलो आणि खालच्या फांदीवर बसलो. मला तेव्हाही ते थोडं खटकलं होतं. पण शब्द माझ्या हातातले आहेत असं अध्यक्षांनी सगळ्यांसमोर म्हटल्यावर खटकणं जरा मागे पडलं.

सगुणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती दिवस?"

"पंधराच."

"आणि तोवर या लोकांना कोण सांगणार?"

"घोषवाक्य," मी म्हणालो, आणि चोचीने वर दाखवलं.

त्यांनी मान वाकडी करून वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ते ओरडतं का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना समजावलं की हल्ली ओरडण्याचे दिवस राहिले नाहीत, हल्ली जागृती करतात. त्या तशाच उडून नदीपलीकडच्या खडकांवर गेल्या.

उद्घाटन सकाळी होतं. मांडव पाण्याच्या बाजूला, वडाखाली. कार्यक्रमात ज्येष्ठ पादचारी म्हणून धोंडोपंतांचा सत्कार ठेवला होता. ही कल्पना माझीच. धोंडोपंत उजाडल्याबरोबर घरातून निघाले. वाटेच्या कडेला येऊन थांबले. कान दिला. सगुणाबाईंचा आवाज नव्हता. दोन महिन्यांचा अनुभव होता, आवाज नाही म्हणजे वाट मोकळी. ते निघाले.

त्याच वेळी कुरणाकडून धावणारे निघाले होते. त्यांनाही सुरक्षेच्या कार्यक्रमाचं बोलावणं होतं. उशीर झाला होता आणि पुढच्या जागा भरतील अशी त्यांना काळजी होती. सगळ्यात पुढे दौलतराव होते. दौलतराव म्हणजे रानडुक्कर, अंगाने दांडगे, स्वभावाने वाईट नाहीत.

दौलतराव मांडवात पोचले तेव्हा जरा लंगडत होते.

"काय झालं?" शेंड्यांनी विचारलं.

"वाटेत दगड होता. खुराला लागला," ते म्हणाले आणि पुढच्या रांगेत बसले.

बुलबुलाचं गाणं झालं. घारेसाहेबांचं भाषण झालं. मी घोषवाक्य म्हटलं, सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं, दोनदा. मग शेंड्यांनी जाहीर केलं की सत्कारमूर्ती अजून पोचलेले नाहीत, तेव्हा त्यांच्या वतीने हार घारेसाहेब स्वीकारतील. घारेसाहेबांनी तो स्वीकारला. त्यांना शोभतही होता.

कार्यक्रम संपल्यावर मी घरी निघालो तेव्हा मला वाटेच्या कडेला धोंडोपंत दिसले. ते उताणे पडले होते. पाठीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. मागचा एक पाय हलत नव्हता. घोरपड आणि साळिंदर त्यांना सुलटं करायचा प्रयत्न करत होते आणि दोघांच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. मी खाली उतरलो. खाली उतरायची माझी ती पहिलीच वेळ. आम्ही तिघांनी मिळून त्यांना सुलटं केलं आणि त्यांच्या घराच्या बाजूच्या झुडपाखाली सावलीत नेलं.

मी म्हणालो, "पंत, झाडावर इतकं मोठं लिहिलं होतं."

"कुठे?" त्यांनी विचारलं.

मी वर दाखवलं. त्यांनी मान जेवढी बाहेर येते तेवढी बाहेर काढली. कासवाची मान वर फारशी वळत नाही, मुलांनो. मी त्यांच्या शेजारी बसून वर बघितलं. फांद्या दिसत होत्या, पानं दिसत होती. अक्षर एकही दिसत नव्हतं.

"मास्तर, दिसलं असतं तरी मला वाचता येत नाही," धोंडोपंत म्हणाले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका हे त्यांनी मला म्हटलं. पाठ त्यांची फुटली होती.

त्या दिवसापासून कोणीच वाट ओलांडीना. समितीला फार आनंद झाला. तीन दिवसांत एकही अपघात नव्हता. इकडे झुडपाखाली धोंडोपंतांची पाठ उन्हाने कोरडी पडत होती आणि तडा रुंद होत होता. पाणी पन्नास पावलांवर होतं. त्यांची पावलं तर तुम्हाला माहीत आहेत.

चौथ्या दिवशी सगुणाबाई परत आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. वाटेवरून उडत जाताना घोरपडीकडून कळलं म्हणून थांबल्या. टिटवीला एक विद्या येते. ती पाण्यात बसून पोटाखालची पिसं भिजवते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. सगुणाबाई पाण्यात बसायच्या, उडत यायच्या आणि धोंडोपंतांच्या पाठीवर बसून ते पाणी तड्यात निथळू द्यायच्या. पुन्हा जायच्या. पुन्हा यायच्या. मी फांदीवर बसून सकाळभर ते बघत होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

शेवटी मीच खाली उतरलो.

"बाई, मी काही करू शकतो का?"

"काय येतं तुम्हाला?"

"मला यमक येतं," म्हणणार होतो. ते तोंडातच ठेवलं.

"तुम्ही उंच बसता," त्या म्हणाल्या. "मला दिसायच्या आधी तुम्हाला लांबचं दिसतं. कोणी धावत येताना दिसलं की त्या वाळलेल्या खोडावर ठोका द्या. जोरात."

"काय ठोकू?"

"काही नाही. नुसतं ठोका."

मुलांनो, मी लेखक आहे. नुसतं ठोकणं मला जमेना. पहिल्या दिवशी मी तालात ठोकलं, ते ऐकून साळिंदर वाटेच्या मध्येच ऐकत उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी खोडात अळी दिसली म्हणून ठोकलं, आणि वाट रिकामी असताना सगळे उगीच खोळंबले. सगुणाबाईंनी मला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही. तिसऱ्या दिवसापासून जमायला लागलं. लांब धूळ उठली की मी ठोके द्यायचो, खालून त्या ओरडायच्या, आणि सगळे थांबायचे. आम्ही गप्प झालो की ते निघायचे.

पंधरवड्याच्या दहाव्या दिवशी धोंडोपंत म्हणाले, "मी आज जाऊन बघतो."

तीन पायांनी ते निघाले. सगुणाबाई त्यांच्या बरोबरीने चालत होत्या. मी खोडावर. ऊन चढलं तेव्हा ते वाटेच्या मधोमध होते, आणि मला कुरणाकडे धूळ दिसली.

मी ठोके दिले. सगुणाबाई ओरडल्या. पण धोंडोपंतांना ना पुढे पळता येईना, ना मागे. मी चोच दुखेपर्यंत ठोकत राहिलो. धूळ जवळ आली. दौलतराव होते.

तेव्हा सगुणाबाई वाटेने सरळ दौलतरावांच्या दिशेने धावत गेल्या. एक पंख जमिनीवर टाकून, फरफटत, ओरडत. दौलतराव इतके दचकले की चारी पाय रोवून थांबले. खडी उडून माझ्या झाडापर्यंत आली.

"काय झालं बाई? पंख मोडला का?"

"पंख ठीक आहे," सगुणाबाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "पुढे धोंडोपंत चाललेत."

"कुठे?"

"खाली बघा."

दौलतरावांनी खाली बघितलं. त्यांचं नाक धोंडोपंतांपासून हातभर अंतरावर होतं.

"हा दगड..." ते म्हणाले आणि थांबले.

"मागच्या वेळचा दगडही मीच होतो," धोंडोपंत म्हणाले. त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. श्वास घ्यायला थांबले होते, म्हणून म्हटलं.

दौलतराव बराच वेळ त्या तड्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पंत, मी उचलून नेऊ का पलीकडे?"

"नको. तुमच्या सुळ्यांची मला भीती वाटते. तुम्ही फक्त थांबा."

"किती वेळ?"

"मी पोचेपर्यंत."

दौलतराव थांबले. मागून चितळांचा कळप आला, तोही थांबला. त्यामागे गवे. कोणी विचारलं तर दौलतराव नुसतं पुढे बघायला सांगायचे. सावली माझ्या झाडाच्या बुंध्याशी आली तेव्हा धोंडोपंत पाण्याच्या काठाला लागले. त्यांनी आधी पुढचे पाय आत घातले, मग डोकं, आणि मग तडा गेलेली पाठ सावकाश पाण्याखाली गेली. मला त्या वेळी एकही यमक सुचलं नाही.

त्यानंतर टिटवीचा आवाज आला की धावणारेसुद्धा वेग कमी करू लागले.

पंधरवडा संपला. अहवाल लिहायचं काम माझ्याकडेच आलं. मी खरं तेच लिहिलं. सगुणाबाईंनी काय केलं, दौलतराव कसे थांबले, सगळं. घारेसाहेबांनी ते वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "पण ही टिटवी समितीत नाही. समितीबाहेरचं नाव अहवालात कसं घालायचं?"

"मग तिला समितीत घेऊ," मी म्हणालो. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात धाडसी विधान ते हेच.

"घेऊ की," घारेसाहेब म्हणाले. "पण ती इथे वडावर येऊन बसली, तर वाटेवर कोण थांबणार?"

याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी सुधारून लिहिलं की प्रभावी घोषवाक्यामुळे अपघातांत लक्षणीय घट झाली.

महाराजांनी माझा सत्कार केला. शाल दिली. मी मनात ठरवून गेलो होतो की भाषणात तरी सगुणाबाईंचं नाव घ्यायचं. पण शाल उबदार होती, टाळ्या पुष्कळ झाल्या, आणि मी म्हणालो की शब्दांत फार मोठी ताकद असते. शिवाय मला समितीवर कायम केलं. बैठका सकाळी असतात, त्यामुळे आता खोडावर बसायला वेळ होत नाही.

हे सगळं सांगायला मी सगुणाबाईंकडे गेलो. शाल अंगावरच होती. त्या वाटेच्या कडेला उभ्या होत्या आणि पलीकडून घोरपड निघाली होती. मी सत्काराचं सांगितलं. महाराज काय म्हणाले ते सांगितलं. तुमचं नाव राहून गेलं, असंही सांगितलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता जरा बाजूला व्हा मास्तर. तुमच्या शालीमुळे मला वाट दिसत नाही."

तात्पर्य : मुलांनो, वाट सुखरूप ओलांडण्याचा खात्रीचा उपाय एकच. वाट ओलांडणाऱ्यांसाठी नेमलेल्या समितीवर जागा मिळवावी. मग वाट ओलांडावीच लागत नाही.